बातम्यांतला ‘आत्ता’ आणि घरातला ‘आत्ता’

कतारमध्ये, दोह्यात मी नऊ वर्षं होतो. ऑफिसच्या पॅन्ट्रीत दिवसभर अल जझीराची अरबी वाहिनी लावलेली असायची. जाण्याआधी पुस्तकातून अरबी शिकलो होतो, त्यामुळे बातम्या हळूहळू कळू लागल्या. पण बाजूला चहा पिणारे सहकारी आपसात काय बोलतात ते वर्षभर उमगलं नाही. निवेदक ‘आत्ता’साठी ‘अल-आन’ म्हणायचा. कैरोचा सहकारी म्हणायचा ‘दिलवअती’, बैरुतचा ‘हल्लअ’, कतारी साहेब ‘अल-हीन’, मोरोक्कोची रिसेप्शनिस्ट ‘दाबा’. आणि ‘अल-आन’? तो रोजच्या बोलण्यात कोणाच्याच तोंडी नव्हता.

बातम्यांची भाषा म्हणजे फुसहा, ग्रंथांची आणि शाळेची अरबी. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत ती चालते, पण कुठलीच आई त्या भाषेत मुलाला दटावत नाही. आपल्या टीव्हीवर अरब माणूस येतो तो बहुतेक वेळा फुसहात भाषण करताना, तेही इंग्रजीतून मराठीत उतरलेलं. म्हणून तो आपल्याला सदा मोर्चात, ढिगाऱ्याशेजारी, नाहीतर परिषदेच्या टेबलाशी दिसतो. घरात कधीच नाही.

बातम्यांचं मोल मी कमी मानत नाही. १९५३ मध्ये कैरोहून सुरू झालेला ‘सौत अल-अरब’ रेडिओ सगळं अरब जग कान देऊन ऐकायचं. १९६७ च्या इस्रायलशी झालेल्या युद्धात इजिप्तचा पराभव होत असताना त्यावर विजयाच्या घोषणा चालू होत्या. एवढी फसवणूक झालेल्या लोकांसमोर १९९६ मध्ये अल जझीरा आली, दोन विरोधी मतांच्या माणसांना समोरासमोर बसवून भांडू देऊ लागली, तेव्हा लोक तिला का चिकटले ते समजतं. तिच्यामागे कतार सरकारचा पैसा आहे आणि घरच्या राज्यकर्त्यांबद्दल ती जपून बोलते, हेही तितकंच खरं. तरी ११ मे २०२२ ला पॅलेस्टाइनमधल्या जेनीनमध्ये अल जझीराच्या वार्ताहर शिरीन अबू आकलेह गोळी लागून गेल्या, अंगात ‘प्रेस’ लिहिलेलं जॅकेट असताना, त्या दिवशी आमच्या पॅन्ट्रीत कोणी चहाला हात लावला नाही. पंचवीस वर्षं त्यांचा आवाज घराघरात होता.

पण माणसं मला भेटली ती सिनेमात. कैरोत १९३५ मध्ये स्टुडिओ मिस्र उभा राहिला, आणि पुढच्या काही दशकांत इजिप्तच्या चित्रपटांनी कैरोची बोली अरब जगाच्या कानात बसवली. आजही बगदादचा माणूस मोरोक्कोच्या माणसाची बोली ऐकून गोंधळतो, पण इजिप्तची बोली दोघांनाही कळते. हे काम व्याकरणाने केलं नाही, तिकीटबारीने केलं.

इजिप्तचे दिग्दर्शक युसूफ शाहीन यांचा १९५८ चा ‘बाब अल-हदीद’ बघा. सगळी गोष्ट कैरोच्या रेल्वे स्टेशनवर घडते. लंगडत वर्तमानपत्रं विकणारा किनावी (ही भूमिका शाहीन यांनी स्वतःच केली), थंड पेयं विकणारी हनूमा, हमालांची संघटना उभी करायची धडपड. किनावीच्या हातात जगभरच्या बातम्या आणि त्याच्याकडे मात्र कोणाचं लक्ष नाही. दादर स्टेशनवर वाढलेल्या मला यातला एकही माणूस परका वाटला नाही. कैरोच्या प्रेक्षकांना तेव्हा तो सिनेमा पचला नव्हता.

आता माझं म्हणणं. हे सिनेमे आपण इंग्रजी सबटायटल्स वाचत बघतो, आणि त्यांत निवेदकाचा ‘आत्ता’ आणि हनूमाचा ‘आत्ता’ एकच होऊन जातो. मराठीत तसं व्हायचं कारण नाही. आपल्याकडे ‘आता’, ‘आत्ता’ आणि ‘आत्ताच्या आत्ता’सुद्धा आहे. आणि बोली अरबी कळणारी माणसं शोधायला विद्यापीठात जावं लागत नाही. रत्नागिरी-रायगडमधल्या किती घरांत आखातात वीस-पंचवीस वर्षं काढून आलेले ड्रायव्हर, फोरमन, एसी मेकॅनिक आहेत! ते ज्ञान घरातच पडून आहे.

मी ‘बाब अल-हदीद’चे मराठी सबटायटल्स लिहायला घेतलेत, निव्वळ हौसेने. वीस मिनिटांचे झाले आहेत. हमालांच्या भांडणापाशी अडलोय, तिथे अर्धे शब्द कळत नाहीत. तुमच्या चाचांना, मामांना, शेजाऱ्यांना मिसरी, म्हणजे इजिप्तची बोली कळत असेल तर कॉमेंटमध्ये लिहा, मी त्यांच्याकडे येऊन बसेन.