इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीबद्दलच्या एक-तारा तक्रारीला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. तारा एक द्यायचा की पाच, हा आपला अधिकार. त्यावर वाद नाही. पण आपण जे लिहिलंत ते इतर गिऱ्हाईकही वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो. आपलं म्हणणं असं की सायकलची बॅटरी बॅलन्स करायला, म्हणजे आतले सेलचे सगळे गट सारखे भरायला, आम्ही ७०० रुपये घेतले, पॅक चार दिवस अडकवून ठेवला, आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या: चार्जिंग फुल दाखवते आणि अजनी पुलाच्या चढावर सायकल मान टाकते. पुढे दुसऱ्या एका मेकॅनिकने बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की करंट तोडणारं बॅटरीतलं सर्किट) बाजूला काढून ‘डायरेक्ट’ जोडणी करून दिली, दहा मिनिटांत सायकल सुरू झाली, म्हणजे आमचं काम ही निव्वळ बनवाबनवी.

आधी हा शेवटचा मुद्दा घेतो, कारण तो पैशांचा नाही. ती बॅटरी कृपा करून चार्जिंगला लावू नका. रात्री तर नाहीच. घराबाहेर, मोकळ्या जागी, सावलीत ठेवा.

का ते सांगतो. आपला पॅक ३६ व्होल्टचा, म्हणजे आत सेलचे १० गट एकापुढे एक जोडलेले आणि प्रत्येक गटात चार सेल. एक गट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, दहांचे मिळून ४२. चार्जरला फक्त ही बेरीज दिसते, आत कोण किती भरलंय ते त्याला कळत नाही. ते बघणारा बीएमएस होता, तोच काढला. आता आपला सातवा गट (तपासणीत हाच कमजोर निघाला, ते पुढे सांगतो) समजा ३.४ वरच अडकला, तर चार्जर ४२ ची बेरीज गाठायला उरलेल्या नऊ गटांना जवळपास ४.२९ पर्यंत नेणार. लिथियम सेलला इतकं भरणं म्हणजे आगीला आमंत्रण. चढावर उलटा प्रकार होतो. सातवा गट रिकामा झाला तरी बाकीचे नऊ त्याच्यातून करंट ओढत राहतात. सेल २ व्होल्टच्या खाली गेला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं, आणि पुढच्या चार्जिंगला तेच तांबं भलत्या जागी बसून आतल्या आत शॉर्ट होतो. दहा मिनिटांत जे काम झालं ते दुरुस्तीचं नव्हतं, धोक्याची घंटा काढून ठेवण्याचं होतं. आमच्याकडेही रोज कोणीतरी ‘बायपास मारून द्या ना भाऊ’ म्हणतं. आम्ही देत नाही.

आता चार दिवसांचा हिशोब. आपला पॅक आला तेव्हा चार्जरवर हिरवा दिवा लागत होता आणि मीटर ४१.३ व्होल्ट दाखवत होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बॅटरी ठणठणीत. झाकण उघडून एकेक गट मोजला तेव्हा नऊ गट ४.१९ च्या आसपास आणि सातवा ३.६१. बाकीचे गट भरले की बीएमएस चार्जिंग तोडतो, करंट थांबला की चार्जर हिरवा होतो, आणि सातवा तसाच अर्धपोटी राहतो. पुलावर मोटर जोर मागते, सातव्याचा व्होल्टेज धाडकन खाली येतो, बीएमएस सप्लाय तोडतो. आपण उतरून दोन मिनिटं थांबलात की व्होल्टेज परत वर चढतो आणि डिस्प्लेवर तीन कांड्या दिसतात. आपल्या तक्रारीतलं ‘फुल असून बंद’ हे अगदी खरं आहे, त्याचं कारण हे.

‘रात्रभर चार्जरला लावून ठेवा, आपोआप बॅलन्स होईल’ असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. गटांमधला फरक किरकोळ असेल तर होतंही. पण या बीएमएसची बॅलन्स करायची ताकद ५० मिलिअँपिअरच्या आसपास, आणि सातव्या गटात तूट होती साडेपाच अँपिअर-तासांची. सरळ भागाकार केला तर ११० तास, तेही बीएमएस न थांबता बॅलन्स करत राहिला तर. प्रत्यक्षात तो टोकाला पोचल्यावरच थोडा वेळ काम करतो. म्हणून आम्ही सातवा गट बेंच सप्लायवर (व्होल्टेज हवा तेवढा ठरवता येणारा दुकानातला सप्लाय) वेगळा घेऊन सावकाश भरला आणि सगळे ४.१५ वर एका रांगेत आणले. आपण ज्याचे पैसे दिलेत ते बॅलन्सिंग एवढंच. ते झालं.

मग पॅक लगेच का दिला नाही? कारण गट मागे का पडला, हा खरा प्रश्न. कधी सेल चांगले असतात आणि बीएमएसवरचा एखादा पार्ट अडकून एकाच गटाला सतत पीत राहतो. कधी गटाचा व्होल्टेज बीएमएसपर्यंत नेणाऱ्या बारीक सेन्स वायरचं सोल्डर सुटलेलं असतं आणि बीएमएस चुकीचंच वाचत असतो. तसं निघालं तर सेलना हातही लावायची गरज नसते, गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात. हे ओळखायचा एकच भरवशाचा मार्ग: बीएमएसचा कनेक्टर काढायचा, पॅक नुसता ठेवून द्यायचा आणि मीटर थेट सेलच्या पट्टीवर लावून बघत राहायचं. इथे घाई करणारा दुकानदार गिऱ्हाईकाला हमखास फसवतो, कधी कधी स्वतःलाही.

कनेक्टर काढलेला असूनही चार दिवसांत आपला सातवा गट ४.१५ वरून ४.०६ वर आला. बाकीचे जवळपास जागच्या जागी. म्हणजे दोष बीएमएसचा नाही, गळती सेलमध्येच. १० अँपिअरचा लोड लावला तेव्हा इतर गट ०.१५ ते ०.२ व्होल्टने खाली आले, सातवा ०.६ ने. त्या गटातल्या एका सेलच्या पॉझिटिव्ह टोकाखालची बार्ली पेपरची (शॉर्ट होऊ न देणाऱ्या इन्सुलेशनच्या कागदाची) चकती तपकिरी पडून कुरकुरीत झाली होती, बाकीच्यांच्या पांढऱ्या. चौघांत बहुधा तोच एक खराब आहे आणि शेजारच्या तिघांचं खातोय. सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी कापून चारही सुटे केल्याशिवाय मात्र ते पक्कं करता येत नाही, आणि त्याची परवानगी आम्हाला नव्हती.

चार दिवसांत सुमारे आठ टक्के गळती, तर महिन्यात निम्म्याच्या पुढे. म्हणून जॉब कार्डवर लिहिलं होतं: ‘गट ७ मध्ये गळती. बॅलन्स टिकणार नाही. चार सेल बदलावे लागतील.’ पॅक न्यायला आपले मिस्टर आले होते. त्यांना मीटर लावून दाखवलं, त्यांनी सही केली आणि ‘सध्या आहे तसं द्या, घरी विचारून सांगतो’ म्हणाले. घाईगडबडीत निरोप आपल्यापर्यंत पोचला नसेल, घरोघरी हेच. पण कार्डाची एक प्रत बिलाला टाचलेली आहे, तेवढी बघा. ‘नवीन बॅटरीच गळ्यात मारतात’ असंही आपण लिहिलंत. आम्ही चार सेलचा खर्च सांगितला होता, ४० चा नाही.

जुने सेल आम्ही का ठेवून घेतो, असा एक टोमणाही आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते घंटागाडीत टाकता येत नाहीत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्यावे लागतात. आम्ही ते तसेच देतो.

एक गोष्ट मिस्टरांशी बोलताना कळली. सायकल गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली असते आणि बॅटरी तिच्यावरच. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते मी आपल्याला वेगळं सांगायला नको. शंभर टक्के भरलेली बॅटरी अशा उष्म्यात ठेवली की सेल झपाट्याने म्हातारे होतात. नवीन सेल टाकले तरी पॅक काढून घरात आणायची सवय लागायलाच हवी, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तिसरा नाहीतर आठवा गट घेऊन याल.

७०० रुपये परत देणार नाही. काम झालं, मोजमाप लिहून दिलं. पण सेल बदलायचं ठरवलंत तर ते ७०० त्या बिलातून वजा करू; हे मिस्टरांनाही तेव्हाच सांगितलं होतं. आता बायपासनंतर किती गट दुखावलेत ते पुन्हा पाहावं लागेल. त्या तपासणीचे पैसे लावणार नाही. दोन-तीन गट गेलेले निघाले तर ‘या पॅकवर खर्च करू नका’ असं आम्हीच सांगू.

सोमवारी दुकान बंद असतं, इतर दिवशी अकरानंतर या. पॅक सायकलला न लावता, हातात घेऊन आणा. सोबत चार्जरही आणा, तो खरंच ४२ वर थांबतो का तेही मोजून बघतो.