रेट्रोच्या फळ्यावरची तीच ती चिठ्ठी

पर्वरी, पाटो, वेर्णा, गोव्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसातला रेट्रो घ्या, म्हणजे दर स्प्रिंटच्या (दोनेक आठवड्यांच्या ठरलेल्या कामाच्या) शेवटी काय अडले ते बोलायची टीमची बैठक. फळ्यावर एक चिठ्ठी हमखास असते, 'टेस्ट सर्व्हर उशिरा मिळतो.' सगळे माना डोलावतात, पुढे 'फॉलोअप करणे' लिहून एखाद्या ज्युनियरचे नाव टाकतात आणि दोन आठवड्यांनी तीच चिठ्ठी परत. याला टीमचा आळस म्हणणे मला अजिबात पटत नाही. सर्व्हरची मंजुरी बंगळुरूच्या ऑफिसात अडत असेल, तर इथल्या ज्युनियरने कितीही मेल टाकले तरी तिथली रांग हलत नाही.

म्हणून पहिली दहा मिनिटे फक्त चिठ्ठ्यांची वाटणी करा. एकात एक तीन वर्तुळे काढा. आत आपल्या हातातले, मधे जिथे आपला शब्द चालतो ते, बाहेर कंपनीचे. बाहेर पाच-सहा चिठ्ठ्या जमल्या तरी एकच उचला. सगळ्या एकदम वर पाठवल्या की त्याचे गाऱ्हाणे होते, आणि गाऱ्हाण्याला कोणी तारीख देत नाही.

मग ती चिठ्ठी नव्याने लिहा. यात वीस मिनिटे गेली तरी जाऊ द्या. 'उशिरा मिळतो' हे मत झाले. 'सर्व्हरच्या मागणीचे तिकीट सोमवारी सकाळी 11 ला टाकले, मंजुरी गुरुवारी दुपारी 4 ला, तोवर दोन टेस्टर अडकले, सलग तिसरा स्प्रिंट' हा हिशेब झाला. खाली मागणी लिहा : मंजुरी एका दिवसात, नाहीतर एक सर्व्हर कायमचा टीमकडे. 'मॅनेजमेंट'ला उद्देशून लिहू नका, ज्याला हो म्हणायचा अधिकार आहे त्या माणसाचे नाव घाला. पाठपुरावा स्क्रम मास्टरने करायचा, म्हणजे स्क्रम या कामाच्या पद्धतीत टीमची घडी बसवणाऱ्याने. 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे त्या पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, अडथळे दूर करवून घेणे ही त्याचीच जबाबदारी आहे. उत्तराची तारीख पुढच्या स्प्रिंटच्या प्लॅनिंगच्या आधीची ठेवा. नकार आला तर तेवढे काम स्प्रिंटमधून खरोखर कमी करा.

अडचण मॅनेजरच्याच निर्णयाची असेल तर त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. त्यांना रेट्रोच्या शेवटच्या पंधरा मिनिटांना बोलवा.

आणि सुट्ट्यांची एक गोष्ट रेट्रोपर्यंत येऊच देऊ नका. चवथीला (गणेश चतुर्थीला) अर्धी टीम गावच्या घरी असते, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण). बाहेरच्या हेड ऑफिसच्या कॅलेंडरात हे दिवस नसतील, तर वर्षाच्या सुरुवातीलाच घालून घ्या.