जजचं विमान

"बांधा उत्तम, पण उत्साह कमी." परवाच्या रविवारी दुपारी पावणेतीनला मडगावजवळच्या एका मैदानावर डॉग शोमध्ये जजबाईंनी आमच्या वादळ नावाच्या कुत्र्याबद्दल हा शेरा मारला आणि घड्याळ पाहिलं. वादळ त्या मैदानावर सकाळी सव्वाआठपासून होता. मीही होतो. उत्साह माझ्यातही उरला नव्हता, पण मला कोणी नंबर देणार नव्हतं, म्हणून माझं निभावलं.

वादळ हा कारवान हाउंड. भाच्याने हौसेने लातूरकडून आणला, आणि कुत्र्याला आमच्या घरची सवय लागली तसा भाचा नोकरीला कतारला गेला. कुत्रा उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, बरगड्या दिसणारा. असं दिसणं ही या जातीची शान आहे, हे फोंड्याच्या बाजारात आजवर एकालाही पटलेलं नाही. एका मासेवालीने त्याच्यापुढे दोन तारले टाकले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी भाव न करता पाव किलो सुंगटं घेऊन मुकाट निघालो.

तर डॉग शो. पत्रकावर वेळ होती सकाळी ९. मी फोन केला.

"किती वाजता यायचं?"

"नऊला सुरू. पण तुम्ही आठला या, आधी पशुवैद्य तपासणार."

"आमच्या जातीचा नंबर साधारण कधी लागेल?"

"कुठल्या गटापासून सुरुवात करायची ते जज ठरवणार, त्याच दिवशी. एखादवेळी पहिलाच नंबर. एखादवेळी संध्याकाळ होणार."

"मग दहाला आलो तर?"

"चालतंय की." जरा थांबून, "पहिला नंबर असला तर संपलेला असणार, इतकंच."

या माहितीवर माणसाने काय बेत करायचा? तरी केला. कुत्र्याला गाडीत उलटी होते, म्हणून निघण्याआधी खायला नाही. म्हणजे आदल्या रात्रीचं जेवण लवकर. म्हणजे पहाटेचं फिरणं त्याहून लवकर. रविवारी सकाळी चर्चची मीस सुटते, तिथून माणसं थेट मासळी बाजारात जातात, त्याच वेळी भाड्याच्या गाड्या घेतलेले पर्यटक रस्त्याच्या मधोमध थांबून नकाशा बघतात, आणि फोंड्याहून मडगावला जायचं तर बोरीचा पूल चुकत नाही. हे सगळं उलटं मोजत गेलो तर पावणेसातला निघणं आलं. बायको म्हणाली, "अहो, मुलाच्या मुंजीचा मुहूर्त गाठताना एवढी धडपड केली नव्हती तुम्ही." मुंजीच्या भटजींनी वेळ तरी एकच सांगितली होती.

सव्वाआठला मैदानावर मांडवाचे बांबू उभे राहत होते. पशुवैद्य साडेनऊला आले. दारावर लसीची पुस्तिका बघणारा तरुण मात्र हजर होता, आणि त्याने तिचं पान न पान वाचलं. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, देशात पहिला. राज्याचं ते नाव एकट्याने सांभाळायचं आहे अशा चेहऱ्याने तो शिक्के तपासत होता. त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्या दिवशी आपलं काम वेळेवर करणारा तो एकटाच.

आणि तिथे ते गृहस्थ बसले होते. रेन ट्रीच्या सावलीत घडीची खुर्ची, डोक्यावर हॅट, पायाशी थर्मास. कुत्रा नव्हता. नंतर कळलं की घरीही नाही. घरी मांजरं आहेत. पण दरवर्षी शोला येतात, सगळ्यांत आधी येतात आणि सगळ्यांत शेवटी जातात.

"लवकर आलात," ते म्हणाले.

"पत्रकात नऊ लिहिलंय."

"पत्रकात!" ते हसले, पण दयेने. "बाब, णव म्हणल्यार णव न्हय. पत्रक बघायचं नसतं. जज कुठल्या विमानाने परत जाणार ते बघायचं."

मी वादळला घेऊन सावलीच्या कडेला टेकलो. दुसरीकडे सावली नव्हती. मांडवातली होती ती पाहुण्यांसाठी राखलेली.

"समजा दाबोळीचा विमानतळ," ते थर्मासचं झाकण उघडत म्हणाले. "इथून पाऊण तास. मग जज निवांत. चहा घेणार, कुत्र्याशी बोलणार, मालकाशी बोलणार, एकेका कुत्र्याला पाच मिनिटं. तुमचा नंबर चारच्या पुढे. आता समजा मोपा. आधी झुवारीचा पूल, मग मांडवीचा, मग पर्वरीत अडकणार, मग म्हापसा, मग कोलवाळ, धारगळ. दोन तास धरा. असला जज सकाळीच घायकुतीला आलेला असतो. दहाच्या आत पाच जाती संपवणार. तुम्ही चहा प्यायला गेलात तर कुत्रा गैरहजर!"

"असं होतं?"

"होतं? पूर्वी होत नव्हतं. २०२३ पर्यंत गोव्याला एकच विमानतळ, तोही नौदलाच्या तळावर. शोचं गणित सोपं. मोपा झाला आणि कुत्र्यांचं सगळं बिघडलं."

मोपाच्या बाजूने आणि विरोधात मी पेडण्यापासून काणकोणपर्यंत पुष्कळ वाद ऐकले आहेत, जमिनींचे, टॅक्सीवाल्यांचे, पाण्याचे. कुत्र्यांची बाजू पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आजच्या जज कुठून जाणार?" मी विचारलं. आवाज का खाली आला कळलं नाही.

"तेच कळत नाही." ते पुढे वाकले. "बॅग बघायला हवी. चाकाची छोटी बॅग गाडीतच असली तर आजच जाणार, म्हणजे मोपा. बॅग नसली तर हॉटेलात ठेवलीय, राहणार. राहणार असली तर मग शोला अंतच नाही. ती पांढरी गाडी. तुम्ही जाऊन बघून या. मला गुडघ्याचा त्रास."

मी गेलो. हे मी आता लिहितोय तेव्हाही मला समजत नाही की पेन्शनीत निघालेला, उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीत कधी न डोकावलेला माणूस कपाळाला हात लावून मागच्या काचेतून आत का बघू लागतो. पण सकाळपासून कोणी काही सांगत नसलं की माणूस बॅगेवरही विश्वास ठेवतो. ड्रायव्हर पुढच्या सीटवर झोपला होता. तो जागा झाला.

"कितें जाय?"

"काही नाही. बॅग आहे का बघत होतो."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वादळच्या बरगड्यांकडे. उपाशी कुत्रा आणि दुसऱ्याच्या बॅगेवर डोळा असलेला त्याचा मालक. त्याने चारही दारं लॉक केली. तो आवाज मी परत झाडाखाली येईपर्यंत माझ्या पाठीत होता.

"बॅग?" गृहस्थांनी विचारलं.

"दिसली नाही."

"डिकीत असणार," ते म्हणाले, आणि मी पुन्हा जाईन अशा अपेक्षेने बघत राहिले.

सव्वादहाला मुख्य पाहुण्यांची गाडी 'निघाली' अशी घोषणा झाली. कुठून, ते सांगितलं नाही. अकराला पाहुणे आले. पाहुण्यांना कुत्र्यांची भीती वाटते हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, पण ते समईपर्यंत दोन कार्यकर्त्यांच्या मधून चालत गेले आणि समई लावताना डोळे वातीकडे नव्हते, समोरच्या रॉटवायलरकडे होते. मग मुक्या प्राण्यांवरच्या प्रेमावर भाषण झालं. मुक्या प्राण्यांनी त्यातलं एक वाक्य ऐकू दिलं नाही.

मी उशिराला मुळातला विरोधक नाही. सत्तरी तालुक्यातल्या जत्रांत दहाचं नाटक साडेबाराला सुरू होताना बघत लहानाचा मोठा झालो. पण तिथे खाजं मिळतं, ओळखीची माणसं भेटतात, चादर पसरून झोपता येतं, आणि झोपेत कोणी येऊन माझे दात तपासत नाही. इथे प्रवेश फी भरून, उपाशी कुत्रा घेऊन, उन्हात उभं राहायचं. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो. पग आणि बुलडॉग, त्यांची तर नाकंच बसकी. एका बाईच्या मांडीवरचा पग ज्या तऱ्हेने घरघरत होता ते ऐकून मी माझं पाणी तिला दिलं. आयोजकांचं पाणी व्यासपीठावर होतं, सीलबंद, पाहुण्यांसमोर, आणि पाहुणे गेल्यावरही ते तिथेच राहिलं.

गट जाहीर झाले. छोट्या कुत्र्यांपासून सुरुवात. आमचा गट शेवटाकडे. म्हणजे मी परत घरी जाऊन, अंघोळ करून, हुमण-भात जेवून, वामकुक्षी काढून निवांत येऊ शकलो असतो. पण दुपारच्या सुट्टीनंतर क्रम बदलू शकतो, असं माइकवरून सांगितलं होतं. 'शकतो.' हा सगळा शो त्या शब्दावर चालला होता.

बाकी बघण्यासारखं खूप होतं, ते नाकारत नाही. जर्मन शेफर्डच्या रिंगणात कुत्रा आत धावतो आणि घरची मंडळी दोरीबाहेर लपून शिट्ट्या वाजवतात, नावाने हाका मारतात, म्हणजे कुत्रा कान टवकारून ऐटीत दिसतो. नियमाने हे चालत नाही. त्यामुळे एक काका जनरेटरमागे दडून रबरी खेळणं पिचकवत होते आणि त्यांच्या कुत्र्याऐवजी तीन पूडल त्यांच्याकडे धावले. एका आजींनी मला विचारलं, "ते जज नर कुत्र्याच्या मागे हात घालून काय बघतात?" मी म्हटलं, दोन्ही जागेवर आहेत का ते. आजींनी थोडा विचार करून विचारलं, "मालकाला आधी माहीत नसतं?"

गृहस्थांनी मधल्या वेळात वादळचा निकालही लावून टाकला. "हा तिकिटावरचा. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढलेली, त्यातला."

"त्यात मुधोळ होता. हा कारवान."

"एकच."

हा वाद तसा जुना आहे. कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात त्याचीच केनेल क्लब ऑफ इंडियाकडे कारवान हाउंड म्हणून नोंद होते, आणि दोन्हीकडची माणसं यावर जेवणं थंड करतात. २०२० साली पंतप्रधानांनी रेडिओवरून देशी कुत्री पाळा म्हटलं, तेव्हापासून तर ज्याला त्याला यात मत आहे. मी गप्प बसलो. वादळ माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला होता.

अडीचला एक मोठी काळी गाडी आली. एसीतून एक तरुण उतरला, पाठोपाठ दुसरा कारवान, चमकणारा, पायांत स्प्रिंग बसवल्यासारखा. आमच्या वर्गात हे दोघेच. पशुवैद्यांनी उभ्या उभ्या त्याची तपासणी केली.

"तपासणी आठला होती ना?" मी त्याला विचारलं.

"मी सकाळी फोन केलेला," तो म्हणाला. "म्हणाले, तुमचा नंबर अडीचच्या पुढे, जेवून या."

त्याला सांगितलं! मला का नाही सांगितलं? हा प्रश्न मी अजून मनात धरून आहे आणि सोडणार नाही. मी कोणाला नऊनंतर फोन केला नाही, कारण मी सव्वाआठपासून त्यांच्याच समोर उभा होतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला कोण कशाला काय सांगेल?

या जातीला परक्याचा हात अंगाला लागलेला खपत नाही. वादळने जजबाईंना दात, कान, पाठ आणि आजींचा प्रश्नही निमूट तपासू दिला. नंतर भाच्याला व्हिडिओ पाठवला, तर त्याने घाबरून फोन केला की कुत्रा आजारी आहे का. चालायला सांगितल्यावर वादळ चालला, पण एका बाजूला, सावलीकडे. दुसरा कारवान वाऱ्यावरून जात होता. त्याला पहिला, आम्हाला दुसरा. दोघांत दुसरा. जजबाईंनी हस्तांदोलन केलं, उत्साहाबद्दलचं ते वाक्य बोलल्या आणि घड्याळ पाहिलं.

"मोपा!" दोरीबाहेरून गृहस्थ ओरडले.

बेस्ट इन शो बघितल्याशिवाय जायचं नसतं असं सांगून त्यांनी मला पाचपर्यंत थांबवून घेतलं. मग विचारलं, "फोंड्याला ना? मला फर्मागुडीला सोडा." खुर्ची डिकीत, थर्मास मांडीवर. वादळ मागच्या सीटवर आडवा. बोरीच्या पुलाच्या अलीकडे रांग लागली होती.

"पाचला निघायचं नसतं," ते म्हणाले. "चारला निघालो असतो तर हा पूल मोकळा होता."

मी काही बोललो नाही. शेजारच्या रांगेत पांढरी गाडी येऊन उभी राहिली. तोच ड्रायव्हर. मागे जजबाई, डोळे मिटून. गृहस्थांनी माझ्या अंगावरून हात घालून माझ्याकडची काच खाली केली.

"मोपा काय दाबोळी?"

ड्रायव्हरने मला ओळखलं. मग तुटकपणे म्हणाला, "मंगेशी. दर्शन. उद्यां कोकण रेल्वेन वता."

रांग हलली. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. फोंडा ओलांडल्यावर त्यांनी थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतला आणि मला न विचारता स्वतःच प्यायले.

"रेल्वे असली तर सगळंच वेगळं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी येताना तुम्ही कोकणकन्याची वेळ बघून या. मांडवी एक्सप्रेसचीही बघा. आणि ती बॅग तुम्ही नीट बघितली नाही."