ओल कुणाची?

डोंबिवलीत जुलै उजाडला की आमच्या स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात आणि सिंकच्या वरच्या भिंतीला पोपडे धरतात. आईचं निदान ठरलेलं, "वरच्यांची मोरी गळतेय." बायकोचं म्हणणं, "आपलीच वाफ कोंडतेय." मी दोघींनाही हो म्हणतो. ओल परवडते.

भज्यांच्या वासाने आलेल्या इंजिनिअर भाच्याने यात आणखी भर घातली. "मामा, एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी तुम्ही घरात सोडता. वरण-भाताची वाफ वेगळीच."

"मेले एवढे पैसे घेतात आणि पाणी भरून देतात!" आई कडाडली. गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन तिला समजावेपर्यंत भजी गार झाली. शेवटी ती म्हणाली, "आमच्या चुलीचा धूर नि वाफ कौलांच्या फटींतून आपापली जायची. भिंत फोडून पंखे कुणी बसवले नाहीत." खोटं नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, ते ती सोयीने विसरली होती.

मग चिमणीचं दुकान. विक्रेता म्हणाला, "ही डक्टलेस घ्या. पाइप नको, तोडफोड नको. तेल जाळीत अडकतं, वास कोळशात."

"आणि वाफ?" बायकोने विचारलं.

तो कॅटलॉग चाळू लागला. वाफ कुठे जाणार? गाळून, स्वच्छ करून पुन्हा आपल्याच अंगावर.

म्हणून एक्झॉस्ट फॅन बसवला. आवाज असा, की कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. पण मिरचीची फोडणी पडली नि आम्ही सगळे ठसकत हॉलमध्ये पळालो. भाच्याने वर्तमानपत्राचा तुकडा पंख्याच्या जाळीशी धरला, तर तो मरगळून खाली पडला. डासांमुळे आणि पावसामुळे सगळ्या खिडक्या बंद. आत हवाच येत नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? तो बिचारा मिळेल तिथून ओढत होता, म्हणजे मुख्यतः बाथरूमच्या जाळीतून. हिंगात मिसळणारा तो दुसरा वास कसला, याचा उलगडा झाला.

हॉलची खिडकी वीतभर उघडली आणि कागद जाळीला चिकटून बसला! जुलैतली बाहेरची हवा काही कोरडी नसते, पण उकळत्या आमटीपेक्षा बरी. आता फोडणीआधी खिडकी, भातावर झाकण, गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ पंखा, असा कारभार चालतो. फक्त सगळ्या मजल्यांचे पंखे एकाच डक्टमध्ये फुंकतात. त्यामुळे सोमवारी खालच्यांचे सुके बोंबील आमच्या साबुदाण्याच्या खिचडीत हजेरी लावतात. आई नाक मुरडते आणि खोल श्वासही घेते.

पोपडे मात्र होते तिथेच. निकाल लावायला भाच्याने भिंत कोरडी पुसून प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवला. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर वाफ आपली, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल आतून. दोन दिवस दोघी येता-जाता तो तुकडा तपासत होत्या.

तुकडा दोन्ही बाजूंनी ओला निघाला.

आईने मला तडक वर पिटाळलं. वरच्या काकांनी दार उघडलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडून पाणी? अहो, आमच्या नळाला आठवडाभर पाणीच नाही. तुमच्या भिंतीला येतंय, तर किती वाजता येतं तेवढं सांगा."