टेक्ससचा ‘पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह’ उमेदवार आणि गावाकडची शाळा

प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा, हंगाम आला की आमच्याकडे टेक्ससमध्ये टपालपेटी चकचकीत पत्रकांनी भरून जाते. सीमा, बंदूक, कर, कुटुंब, श्रद्धा. स्टेट हाउससाठी, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ विधानगृहासाठी, उभ्या असलेल्या दोन रिपब्लिकन उमेदवारांची पत्रकं शेजारी ठेवा आणि फोटो झाका, कोण कोणतं ते सांगता येणार नाही. मग आपल्या मराठी ग्रुपवर चर्चा सुरू होते आणि ती दोनच ठिकाणी जाऊन थांबते: ‘सगळे एका माळेचे मणी’ नाहीतर ‘ट्रंपचा पाठिंबा कोणाला?’

मला यातलं काहीच पटत नाही. राज्याच्या राजधानीला, ऑस्टिनला जाणारा आमदार वॉशिंग्टनचे प्रश्न सोडवायला जात नाही. तो ठरवतो तुमच्या घरावरचा कर, पोरांच्या शाळेला मिळणारा पैसा, शिक्षकांचा पगार, पाणी, रस्ते. टेक्सस हाउसमध्ये 150 जागा आहेत. दर दोन वर्षांनी जानेवारीपासून 140 दिवसांचं अधिवेशन भरतं आणि एवढ्या अवधीत हे सगळं ठरून जातं. बहुतेक मतदारसंघ एकाच पक्षाकडे इतके झुकलेले आहेत की खरा निकाल नोव्हेंबरात नव्हे, मार्चच्या प्रायमरीतच लागतो. म्हणून एका पक्षातल्या दोन उमेदवारांमध्ये नेमका फरक काय, हे शोधणं हेच मतदाराचं काम आहे.

2024 मधली एक लढत सांगतो. मतदारसंघ क्रमांक 60, फोर्टवर्थच्या पश्चिमेला. पार्कर, पालो पिंटो, स्टीव्हन्स अशा काउंटी. विद्यमान आमदार ग्लेन रॉजर्स: गुरांचे डॉक्टर, स्वतःचं रँच असलेले. समोर माइक ओल्कॉट. दोघेही रिपब्लिकन, दोघेही स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारे. हेच दोघे 2022 मध्येही समोरासमोर आले होते. तेव्हा गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी रॉजर्सना पाठिंबा दिला आणि रॉजर्स रनऑफमध्ये (कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली की होणारी दुसरी फेरी) काहीशे मतांनी निसटते जिंकले. दोन वर्षांनी त्याच अ‍ॅबटनी ओल्कॉटचा हात वर केला. रॉजर्स हरले.

दोन वर्षांत रॉजर्स डावीकडे गेले होते का? मुळीच नाही. बंदूक, गर्भपात, सीमा, या विषयांवर ते पक्षाच्या रांगेतच उभे होते. एक खरं की मे 2023 मध्ये अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्या महाभियोगाच्या बाजूने त्यांनी मत दिलं होतं. त्याचा राग पॅक्स्टन समर्थकांनी काढला. पण गव्हर्नरांशी त्यांचं बिनसलं ते एका विषयावर: व्हाउचर. म्हणजे खाजगी शाळेच्या फीसाठी सरकारी तिजोरीतून पैसे. गव्हर्नरांना ते हवं होतं, रॉजर्सना नको.

17 नोव्हेंबर 2023 ला विशेष अधिवेशनात हाउसने विधेयकातलं व्हाउचरचं कलम 84 विरुद्ध 63 मतांनी काढून टाकलं. डेमोक्रॅट्सच्या बरोबरीने 21 रिपब्लिकन आमदारांनी त्यासाठी मत दिलं. त्यातले बरेचसे ग्रामीण भागातले. त्याच विधेयकात सरकारी शाळांसाठी काही अब्ज डॉलर होते. व्हाउचर गेलं तसे तेही बारगळले, कारण व्हाउचरशिवाय शाळांचा वाढीव निधी मंजूर करणार नाही यावर गव्हर्नर अडून बसले होते. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसा प्रकार. दर विद्यार्थ्यामागे मिळणारी मूळ रक्कम 2019 पासून 6,160 डॉलरवर गोठलेली होती. मधल्या काळात महागाई कुठल्या कुठे गेली, हे इथे राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

त्या 21 पैकी 16 जण पुन्हा उभे राहिले. मार्चची प्रायमरी आणि मेचा रनऑफ संपला तेव्हा 9 जण घरी बसले होते. व्हाउचरचे समर्थक असलेले पेनसिल्व्हेनियातले अब्जाधीश गुंतवणूकदार जेफ यास यांनी एकट्याने अ‍ॅबटना 60 लाख डॉलर दिले होते. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की या आमदारांविरुद्धच्या जाहिरातींत व्हाउचरपेक्षा सीमेचाच गजर मोठा होता. ज्या मुद्द्यावरून माणसाला पाडायचं तो मुद्दा मतदारासमोर सरळ मांडायचा नाही, ही मतदाराची फसवणूक आहे.

ग्रामीण रिपब्लिकन आमदार व्हाउचरला का अडले, हे शहरात राहून लवकर समजत नाही. ऑफिसमधला माझा एक सहकारी त्याच पट्ट्यातला. त्याने एकदा ऑक्टोबरातल्या शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या फुटबॉल मॅचला नेलं होतं. गावच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं बंद, सगळं गाव शाळेच्या मैदानावर. बँडमधल्या पोरांचे आईबाप टपरीमागे उभे राहून चिप्सच्या पाकिटातच चिली ओतून फ्रिटो पाय विकत होते, बँडच्या गणवेशासाठी पैसे जमवत होते. तिकीट फाडणारी बाई सकाळी शाळेची बस चालवते. मैदानाच्या पलीकडच्या शेडमध्ये शेतकी वर्गाच्या मुलांनी पाळलेली डुकरं आणि कालवडी, काउंटीच्या प्रदर्शनासाठी. अशा अनेक गावांत सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारी संस्था शाळाच असते. जवळची खाजगी शाळा कुठे, असं मी विचारलं तर तो हसला. ती पुढच्या काउंटीत. आणि तिथे बस जात नाही.

आता सांगा, या गावातल्या आमदाराने व्हाउचरला विरोध केला तर तो कमी कॉन्झर्व्हेटिव्ह कसा झाला? जे चालतंय, रुजलंय, लोकांनी पिढ्यान्पिढ्या उभं केलंय, ते जपणं यालाच तर हा शब्द शोभतो. माझ्या मते रॉजर्स यांची भूमिका ओल्कॉट यांच्या भूमिकेपेक्षा त्या मातीशी जास्त प्रामाणिक होती. मतदारांनी वेगळा कौल दिला, तो मान्य आहे. पण देणगीदारांच्या पैशाने तो कौल घडवायला मदत केली, हेही म्हणायलाच हवं.

पुढे अपेक्षित तेच झालं. एप्रिल 2025 मध्ये हाउसने व्हाउचर मंजूर केलं. फक्त दोन रिपब्लिकन विरोधात गेले, गॅरी व्हॅनडिव्हर आणि माजी स्पीकर डेड फेलन. 3 मे रोजी अ‍ॅबटनी सही केली. पहिल्या टप्प्यात 1 अब्ज डॉलर, सुरुवात 2026-27 च्या शैक्षणिक वर्षापासून. खाजगी शाळेसाठी मुलामागे साधारण 10 हजार डॉलर, घरी शिकवत असाल तर 2 हजारांपर्यंत, दिव्यांग मुलासाठी 30 हजारांपर्यंत. अर्ज जास्त आले तर दिव्यांग मुलं आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं यांना प्राधान्य. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय. ज्या आईच्या ऑटिस्टिक मुलाला सरकारी शाळेत वर्षानुवर्षं नीट मदत मिळाली नाही, तिच्यासाठी हा पैसा मोठा आधार आहे. तिला मी ‘तू चूक’ म्हणणार नाही.

माझा आक्षेप पैसा खाजगी संस्थेला जातो एवढ्यापुरता नाही. आपण महाराष्ट्रातून आलेली माणसं. आपल्यातले निम्मे तरी अनुदानित शाळांत शिकलेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये सुरू केलेली रयत शिक्षण संस्था सरकारी संस्था नव्हे, पण सरकारी अनुदानावर तिच्या शाळांनी खेड्यापाड्यातली पोरं शिकवली. मात्र अनुदान घेतलं की तपासणी आली, शिक्षक मान्यता आली, बोर्डाची परीक्षा आली. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवरही प्रवेश सोडतीने होतात, शाळेने मूल निवडायचं नसतं. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली, तर मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली.

टेक्ससच्या कायद्यात ही अट कुठे आहे? पैसा सरकारचा, पण कोणाला घ्यायचं ते शाळा ठरवणार. सरकारी शाळेतली मुलं राज्याची स्टार परीक्षा देणार, तिच्या निकालावर त्या शाळेला ग्रेड मिळणार, प्रसंगी राज्य ती शाळा ताब्यातही घेणार. ह्यूस्टनच्या संपूर्ण स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, 2023 मध्ये तेच झालं. व्हाउचर घेणाऱ्या खाजगी शाळेला मात्र स्टार नको, दुसरी कुठलीतरी राष्ट्रीय पातळीवरची चाचणी चालेल. जे आमदार सरकारी खर्चाच्या पै-पैचा हिशेब मागतात, त्यांनी इथे हिशेब सोडून दिला. हे मला कॉन्झर्व्हेटिव्ह वाटत नाही.

दुसरा मुद्दा घरपट्टीचा, आणि इथे मी या रिपब्लिकन आमदारांच्या बरोबर आहे. एप्रिलमध्ये घराची किंमत ठरवणाऱ्या अ‍ॅप्रेझल डिस्ट्रिक्टचा कागद येतो तेव्हा पोटात गोळा येतो. 2023 मध्ये होमस्टेड सूट, म्हणजे राहत्या घराच्या किमतीतला शाळेच्या करातून वगळलेला भाग, 40 हजार डॉलरवरून 1 लाखावर नेली, 2025 मध्ये 1 लाख 40 हजारांवर. चांगलं काम केलं, मनापासून आभार. पण आता बरेच उमेदवार म्हणतात की घरपट्टी पूर्णच रद्द करू. बिलातला सगळ्यात मोठा हिस्सा शाळेचा असतो. राज्यात इन्कम टॅक्स नाही, 2019 पासून तर घटनेनेच तो अडवलाय. मग पैसा येणार विक्रीकरातून, जो आधीच स्थानिक धरून सव्वाआठ टक्क्यांपर्यंत आहे. दोन नोकऱ्यांच्या आपल्या घराला तो जड जाणार नाही. भाड्याच्या घरात राहून महिन्याचा किराणा कसाबसा भरणाऱ्याला जाईल. रद्द करा म्हणणाऱ्याने आकडा सांगावा, नाहीतर ती नुसती घोषणा.

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून मताचा हक्क नाही, ग्रीनकार्डच्या रांगेत उभे आहेत. पण ज्यांना आहे तेही मार्चमध्ये जात नाहीत. ‘आपण कुठे रिपब्लिकन’ किंवा ‘आपण कुठे डेमोक्रॅट’ म्हणून घरी बसतात. टेक्ससमध्ये पक्षाची नोंदणी नसते. त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. 2024 च्या रिपब्लिकन प्रायमरीत साधारण 23 लाख लोकांनी मत दिलं, नोंदणीकृत मतदार होते 1 कोटी 79 लाखांच्या आसपास. एवढ्या थोड्या लोकांनी रॉजर्स आणि बाकीच्यांचं भवितव्य ठरवलं.

माझ्या मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराला मी ईमेलवर तीनच प्रश्न पाठवणार आहे. व्हाउचर घेणाऱ्या शाळेने मूल नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागेल, असा बदल तुम्ही मांडाल का? त्या शाळांचे परीक्षेचे निकाल शाळानिहाय जाहीर कराल का? घरपट्टी रद्द झाली तर आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला पहिल्या वर्षी पैसा नेमका कुठून द्याल? उत्तरं आली की जशीच्या तशी इथे टाकतो. तुमच्या भागातल्या उमेदवारांना तुम्हीही विचारा आणि खाली कॉमेंटमध्ये लिहा.