पहिल्या बेसवर कोण?

विनोदवीरावरचा टीव्ही-चरित्रपट बघून ‘कसा आहे?’ या प्रश्नाचं उत्तर देणं हा निव्वळ जाच आहे. टोपी तीच, पोट तेवढंच, आणि हसू मात्र येत नाही. ते का येत नाही, याचा पंचनामा करायचा मी!

बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो या अमेरिकी विनोदी जोडीवर तिथल्या एनबीसी वाहिनीने 1978 साली ‘बड अँड लू’ हा चरित्रपट दाखवला. असल्या चित्रपटाला बसण्याआधी मूळ माल चाखून घ्यावा. 1945च्या ‘द नॉटी नाइन्टीज’ या त्यांच्या चित्रपटात बेसबॉलचं प्रहसन आहे: अ‍ॅबट संघातल्या खेळाडूंची नावं सांगतो आणि कॉस्टेलोला ते प्रश्न वाटतात. पहिल्या बेसवरच्या (बेस म्हणजे मैदानातला धावेचा टप्पा) खेळाडूचं नाव ‘कोण’, दुसऱ्यावरच्याचं ‘काय’, तिसऱ्यावरच्याचं ‘माहीत नाही’. चेंडू फेकणारा पिचर ‘उद्या’, तो झेलणारा कॅचर ‘आज’. (संघातल्या नऊपैकी नावं आठच कळतात. मैदानाच्या उजव्या टोकाचा राइट फील्डवाला बिचारा कायमचा बेनाव.) दोघं बहुतेक वेळ एकाच चौकटीत उभे, कारण बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचं तोंड बघायचं असतं.

आता चरित्रपट लावा आणि बोटं मोजा. एका वाक्याला एक क्लोजअप दिला की टेबल टेनिसची मॅच फक्त एकाच खेळाडूकडे बघत पाहिल्यासारखं होतं. मधेच कॅमेरा हसणाऱ्या प्रेक्षकांकडे गेला तर पहिल्यांदा माफ. तिसऱ्यांदा गेला की समजावं, दिग्दर्शकालाही हसू आलेलं नाही. आणि पॉज! प्रहसन अभिजात म्हटलं की नट वाक्यापुढे हात जोडून उभा राहतो. त्या अर्ध्या सेकंदात हशा मरतो. कॉस्टेलो झालेला बडी हॅकेट स्वतः पट्टीचा विनोदवीर, त्यामुळे कॉस्टेलोच्या घाबरगुंडीतून मधूनमधून हॅकेटच डोकावतो.

पण माझा सगळा जीव अडकतो तो दुसऱ्यात. अ‍ॅबट म्हणजे स्ट्रेट मॅन: न हसता, न थांबता, दटावत गाडा हाकणारा. असा माणूस सहज मिळत नाही, म्हणून सुरुवातीला कमाईतले साठ टक्के त्याचे आणि चाळीस कॉस्टेलोचे. पुढे कॉस्टेलोने हा हिशेब उलटा करून घेतला. आणि या भूमिकेला घेतलं कोणाला? हार्वी कॉर्मनला! कॅरोल बर्नेटच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात हसू न आवरण्याबद्दलच जो प्रसिद्ध, त्याला!

दुःखाचा प्रसंग सगळ्यात अवघड. 4 नोव्हेंबर 1943ला कॉस्टेलोचा जेमतेम वर्षाचा होत आलेला मुलगा घरच्या पोहण्याच्या तलावात बुडाला, आणि त्याच रात्री बाप रेडिओवर कार्यक्रम करायला उभा राहिला. असा प्रसंग आला की मी आवाज बंद करतो. मुक्या चित्राने पोटात कालवलं तर नट चांगला. नाहीतर व्हायोलिन चांगलं.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर विचारणारा म्हणतो, “ते ठीक आहे हो, पण पहिल्या बेसवर नक्की कोण?”

“कोणच.”

“अहो, तेच विचारतोय!”