फासकीला खर्च तो काय?

शिमग्याला मुंबईहून आलेल्या पुतण्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. कुणी परदेशी माणूस तारेचा फास करून ससा धरत होता. "काका, फुकटात काम आहे! आपल्याकडे पण ससे आहेत ना? शिकव की."

ससे आहेत आणि फासकीही, म्हणजे तसाच तारेचा फास, आहे. ती लावायला ना पैसा लागतो ना अक्कल, दुखणं तेच आहे. मोटारसायकलची तुटकी क्लचवायर कुठल्याही गॅरेजबाहेर पडलेली असते. बंदुकीला परवाना हवा, काडतूस हवं, रात्रभर जागायला हवं. फासकीवाला घरी येऊन जेवून झोपतो. मग एकीच्या जागी दहा लावतो आणि त्यातल्या दोन कुठे लावल्या ते विसरतो.

मागच्या वर्षी आमचा मोत्या दोन दिवस बेपत्ता होता. काजूच्या वरच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, छिंडी (ये-जा करायची फट) आहे, तिथे सापडला. वायर कमरेत रुतलेली, शेजारच्या ऐनाची साल हातभर सोललेली आणि भोवताली नखांनी उकरलेली माती, नांगर फिरल्यागत. वाचला बिचारा. ज्याने लावलेली तो वर मलाच विचारतो, "डुकराक लावलेली रे. तुझो कुत्रो थंय कित्याक गेलो?"

डुक्कर जातं त्याच वाटेने बिबट्याही जातो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत 'फासकीत बिबट्या' ही बातमी आता कुणी धड वाचतही नाही. डोकं, पुढचे पाय पार होतात आणि फास कमरेला बसतो. जनावर जितकं ओढेल तितका आवळतो. वरून फारसं रक्त दिसत नाही, पण पोटातली इजा एवढी असते की सोडवलेला बिबट्याही कधीकधी मरतो.

डुकरांचा त्रास मला नवा नाही. पोटरीला आलेलं भात एका रात्रीत लोळवलेलं मीही पाहिलंय, आणि भरपाईच्या कागदांसाठी मारलेल्या खेपांवर वेगळी पोस्ट होईल. पण पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे परवानगी मागता येते. वेळखाऊ आहे, कबूल. हौसेच्या सशासाठी मात्र तीही सोय नाही.

पुतण्याला कायदा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फास लावणं, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. आणि बिबट्या सापडला तर तीन ते सात वर्षं. फुकटातलं काम ते हे! तो म्हणाला, "मग गावठी कोंबडाच करूया." केला. वडेही झाले.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गडगाभर फिरलो. आणखी एक मिळाली, गंजलेली, बहुतेक त्या विसरलेल्यांपैकी. रिकामी होती म्हणून काढली. जनावर अडकलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, तार तोडायला तर मुळीच नको. लांबूनच १९२६ ला फोन लावा, वनखात्याचा नंबर आहे.